निर्णय भंवरकुआंवरच घ्या

जुलैचा पाऊस नीट लागला की इंदूरच्या भंवरकुआं चौकातली रविवारची सकाळ ओळखू येत नाही. क्लासेसना सुट्टी असते, होस्टेलच्या खोल्यांतले कपडे वाळत नाहीत, आणि पोहे-जिलेबीच्या गाड्यांभोवती दुचाक्यांची गर्दी होते. खंडवा रोडने निघालं की विद्यापीठाचा तक्षशिला परिसर, तेजाजी नगर, मग सिमरोल आणि तिंछा. जुन्या आगरा-मुंबई रस्त्याने निघालं की राऊ, महू आणि पातालपाणी. दोन्हीकडचा धबधबा सकाळच्या सकाळी गाठता येतो. खानदेशातून, बुऱ्हाणपूर-खंडव्याकडून शिकायला आलेली मराठी मुलं या घोळक्यांत असतात. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबंही डबे बांधून त्याच रस्त्याला लागतात. त्यांना जाऊ नका म्हणण्यासाठी हा लेख नाही. मला सांगायचंय ते एवढंच की धबधब्यावरची सुरक्षितता धबधब्यावर पोचल्यानंतर ठरत नाही. ती निघण्यापूर्वी ठरते, आणि ती दोन निर्णयांवर उभी असते: आज जायचं की नाही, आणि गेलो तर कड्याच्या वरच्या वाहत्या पाण्यात कुणीही पाय घालणार नाही. हे दोन्ही निर्णय चौकात, चहा पिताना, डोकं शांत असताना घ्यायचे. पाण्याचा आवाज कानात भरल्यावर आणि मित्र हाका मारायला लागल्यावर ते घेता येत नाहीत.

यामागचं कारण आपल्या भूगोलात आहे. माळव्याचं पठार दक्षिणेला विंध्याच्या कड्यापाशी एकदम संपतं आणि खाली निमाड सुरू होतो. महूच्या बाजूला जानापावच्या डोंगरातून निघणारी चंबळ उत्तरेला वळून पुढे यमुनेला मिळते, तर चोरल दक्षिणेला उतरून नर्मदेला जाते. पातालपाणीला जवळजवळ ३०० फूट खाली कोसळते ती हीच चोरल. पठारावर ती निरुपद्रवी दिसते: सपाट काळा खडक, त्यावर पसरलेलं उथळ पाणी, मध्येमध्ये बसायला जागा. पण हा खडक बेसाल्ट आहे आणि आजूबाजूची शेतं काळ्या मातीची. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडतात. पाऊस लागला की माती फुगते, भेगा मिटतात, आणि एकदा ती भिजली की पुढचं पाणी आत फारसं मुरत नाही, वरून वाहून जातं. खालचा खडकही ते फारसं पीत नाही. त्यातून कड्याजवळच्या या नद्यांचं पाणलोट क्षेत्र लहान, म्हणजे पाणी गोळा व्हायला आणि नदीत उतरायला वेळ थोडाच लागतो. मोठ्या नदीचा पूर तासातासाने चढतो आणि गावाला खबर लागते. इथला लोंढा मिनिटांत येतो. शिवाय पाऊस पडतो तो पठारावर, चार-आठ किलोमीटर मागे, जिथलं आभाळ धबधब्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसतही नाही. त्याच्या डोक्यावर ऊन असू शकतं.

१७ जुलै २०११ रोजी पातालपाणीला नेमकं हेच झालं. एका कुटुंबातले पाच जण कड्याच्या वरच्या पात्रात होते, पाणी चढलं आणि ते मध्येच अडकले. एकमेकांना धरून उभे राहिले, काठावरची माणसं ओरडत राहिली, आणि थोड्याच वेळात पाचही जण कड्यावरून खाली गेले. त्यांतले तिघे वाचले नाहीत. त्या प्रसंगाचं चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. तेरा वर्षांनी, ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात जे घडलं ते पाहताना अंगावर काटा येतो, कारण चित्र तेच आहे: प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना कवटाळून उभं असलेलं पुण्याचं कुटुंब, भोवती फेसाळतं पाणी, काठ काही हातांवर. त्या कुटुंबातले पाच जण गेले, त्यांत चार मुलं होती. या दोन्हींच्या मध्ये, १५ ऑगस्ट २०१८ रोजी, शिवपुरी-ग्वाल्हेरच्या सीमेवरच्या सुल्तानगढ धबधब्यावर अचानक लोंढा आला, काही जण वाहून गेले आणि चाळीसहून अधिक माणसं पात्रातल्या खडकावर अडकली. त्यांची सुटका रात्रभर चालली आणि तीत आसपासच्या गावकऱ्यांचा वाटा मोठा होता. हे तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले की दिसतं, यांपैकी कुणी कड्यावरून उडी मारली नव्हती, कुणी वेडं धाडस केलं नव्हतं. ते उथळ पाण्यात उभे होते किंवा खडकावर बसले होते, आणि पाणी वाढलं तेव्हा काठ आणि ते यांच्यामध्ये प्रवाह होता. धबधब्याची भीती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दरी येते. माणसं मात्र दरीच्या मागे, उथळ पाण्यात अडकतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, “पाणी गुडघाभरच तर आहे.” ते आकड्यांत तपासून पाहू. चालण्याच्या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ५ किलोमीटरने वाहणारं गुडघाभर पाणी दोन पायांवर ढोबळमानाने १५ किलोचा रेटा देतं. आता ६० किलो वजनाचा माणूस घ्या. पाण्यात बुडालेल्या पायांमुळे त्याचं वजन थोडं हलकं होतं, पन्नासएक किलो उरतं. शेवाळलेल्या ओल्या बेसाल्टवर पायाची पकड त्या वजनाच्या पाव हिश्शाएवढी धरली, तर १३ किलोच्या आसपास रेटा त्याला घसरवायला पुरतो. म्हणजे पाणी चालण्याच्या वेगाचं असतानाच तो सीमेवर उभा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, ६० किलोवर जातो. पाणी मांडीपर्यंत आलं की रेटा घेणारा भाग वाढतो आणि अंग आणखी हलकं होतं. म्हणून पाणी पाचएक मिनिटांत वीतभर वाढलं तर सगळं गणित उलटतं. साखळी करून उभं राहिल्याने पकड थोडी वाढते हे खरं, पण साखळीतला एक घसरला की तो उरलेल्यांना ओढतो, आणि लहान मुलाला कडेवर घेतलेल्या माणसाचा तोल आधीच गेलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रशासनाने कठडे बांधावेत, पाट्या लावाव्यात, पोलीस उभे करावेत, नाहीतर बंदी घालावी. जबाबदारी पर्यटकावर का ढकलता? प्रशासनाने हे सगळं करावंच, यात मला शंका नाही, आणि जिथे ते होत नाही तिथे नागरिकांनी विचारलंही पाहिजे. पावसाळ्यात धोक्याच्या जागांवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं. भुशीच्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्ह्यात असे आदेश निघाले. जिथे आदेश आहे तिथे जाऊ नये, हा विषय तिथेच संपतो. पण कठड्याने प्रश्न सुटतो का, याचं उत्तर अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात सापडतं. तिथला व्हर्नल धबधबा ३१७ फुटांचा, म्हणजे आपल्या पातालपाणीच्याच तोडीचा. पातालपाणीच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी, १९ जुलै २०११ रोजी, तिथे तीन जण वाहून जाऊन कड्यावरून पडले. तिथे लोखंडी कठडा होता, धोक्याची पाटी होती, आसपासच्या लोकांनी त्यांना मागे फिरायलाही सांगितलं होतं. तरी ते कठडा ओलांडून पाण्यात उतरले. पाऊस नव्हता, त्या वर्षी डोंगरात बर्फ भरपूर पडलं होतं आणि ते वितळून नदी फुगली होती. जगातल्या सर्वांत काटेकोरपणे सांभाळलेल्या उद्यानांपैकी एक आणि आमचं पातालपाणी, दोन्हीकडे तीन-तीन माणसं गेली, आणि दोन्हीकडे कारण एकच: कड्याच्या वरचं पाणी शांत दिसत होतं. कठडा माणसाला सीमा दाखवतो. ती पाळायची की नाही, हे माणूस कठड्याशी येण्यापूर्वीच ठरवून आलेला असतो.

तिसरं म्हणणं पोहणाऱ्यांचं आणि स्थानिक मुलांकडे बोट दाखवणाऱ्यांचं. गावातली पोरं कुंडात उड्या मारतात, मग आम्ही का नाही? त्या पोरांना उन्हाळ्यात कोरडं पडलेलं कुंड माहीत असतं. कुठे खडक वर आलाय, कुठे रांजणखळगा आत गेलाय, पाणी कोणत्या बाजूने बाहेर पडतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं, आणि तरीही त्यांच्यातली मुलं बुडतातच. तरणतलावातल्या पोहण्याचा इथे उपयोग कमी. धबधब्याखालच्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते पांढरं दिसतं ते त्यामुळेच, आणि अशा पाण्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. कोसळणारी धार पाण्याला तळाशी दाबते, ते बाजूने वर येऊन पुन्हा धारेकडे ओढलं जातं, आणि या फेऱ्यात अडकलेला माणूस किनाऱ्याकडे पोहत असूनही जागच्या जागी राहतो. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. वरून दगड आणि ओंडके येतात ते वेगळंच. म्हणून कुंडात उतरायचंच असेल तर धारेपासून दूर, जिथे पाणी स्वच्छ आणि संथ आहे, तळ दिसतो आहे आणि वर पाऊस नाही, तिथे घोट्यापर्यंत. दारू प्यायलेल्या माणसाने तेवढंही नाही.

आता चौकातला पहिला निर्णय, जायचं की नाही. त्याला पाच मिनिटं पुरतात. हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी पाहावा. तो पाहताना इंदूर शहराचा अंदाज पुरेसा नाही; महू, मानपूर, सिमरोल या पठारी भागावर काय आहे ते बघायचं, कारण धबधब्यात येणारं पाणी तिथलं असतं. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस म्हणजे ‘जोरदार’, आणि त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘अतिजोरदार’. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा, त्यात चर्चेला जागा नाही. पिवळा इशारा असेल आणि आदल्या दिवशी चांगला पाऊस होऊन गेला असेल, तरीही मी थांबायलाच सांगेन, कारण भिजलेल्या मातीवर मध्यम पाऊसही सरळ नदीत उतरतो. पुढच्या तीन तासांचे तात्कालिक इशारेही खातं देतं. ते पोचल्यावर पुन्हा पाहावेत. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असावं. उघड्या पठाराच्या कडेला, एकट्या झाडाखाली उभा असलेला घोळका विजेच्या दृष्टीने फार वाईट जागी असतो. आणि घरी किंवा होस्टेलमध्ये एका माणसाला जागेचं नाव आणि परतीची वेळ सांगून निघावं. दरीत उतरल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही. हाक मारणारं कुणीतरी बाहेर हवं.

दुसरा निर्णय गटाने मिळून घ्यायचा आणि मोठ्याने बोलून घ्यायचा, कारण पाण्यापाशी गेल्यावर एकट्याला नाही म्हणणं जड जातं. घरच्या सहलीत काका-मावशींनी हे मुलांना गाडीतच सांगावं, आणि स्वतः फोटोसाठी पात्रातल्या खडकावर जाऊन बसू नये. मुलं सांगितलेलं विसरतात, पाहिलेलं विसरत नाहीत. पोचल्यावर वरच्या पात्राच्या काठाशी उभं राहून आधी पाणी बघावं. पाण्याच्या रेषेला लागून असलेला एक ठळक दगड हेरून ठेवावा, अर्धा ओला आणि अर्धा कोरडा असा, आणि दर थोड्या वेळाने त्याच्याकडे पाहावं. तो सगळा भिजला की निघायचं. याच्याही आधी काही खुणा दिसतात: स्वच्छ पाणी चहाच्या रंगाचं होऊ लागतं, पानं, काटक्या, गवताच्या पेंढ्या वाहत येतात, धारेचा आवाज जाड होतो. यांतली एकही खूण दिसली तर सामान गोळा करत बसू नये. चपला राहिल्या तर राहू द्याव्यात. जायचं ते चढाच्या दिशेने, ज्या काठावर आहात त्याच काठाने. गाडी पलीकडे लावली आहे म्हणून प्रवाह ओलांडायचा नाही. म्हणूनच मुळात गाडीच्याच बाजूला थांबणं शहाणपणाचं. कड्याच्या टोकाशी ओल्या खडकावर उभं राहू नये, दरीकडे पाठ करून फोटो काढू नये, आणि गुळगुळीत तळाच्या चपला घालून तर उतरूच नये. परतीला अंधार होण्याआधी निघावं. खंडवा रोडवर भेरूघाटाची वळणं ओल्या रस्त्यावर दुचाकीला कठीण जातात.

मग मजा काय राहिली, असं कुणी विचारेल. हा प्रश्न खोटा नाही. अभ्यासाच्या आठवड्यानंतर थंड पाण्यात उभं राहावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण पातालपाणीची खरी भव्यता पात्रात बसून दिसतच नाही. समोरच्या बाजूने पाहिल्यावर ती अख्खी धार, दरीतून वर येणारं धुकं आणि कड्याच्या भिंतीवरचं हिरवं शेवाळ एका दृष्टीत येतं. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी ब्रिटिशांना रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या मार्गाचा पातालपाणी ते कालाकुंड हा घाट आजही डोळे निववतो, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये याच मीटर गेज तुकड्यावर हेरिटेज रेल्वे सुरू झाली. तिच्या वेळा बघून बेत आखला तर धबधबा, बोगदे आणि दरी पाण्यात पाऊल न टाकता पाहता येतात. महिना निवडायचा तर माझा कौल सप्टेंबरच्या अखेरीला. धार अजून जाड असते, आभाळ उघडलेलं असतं आणि पाणी निवळलेलं असतं. ज्यांना दोन-तीन दिवस हाताशी आहेत त्यांनी पचमढीला जावं. सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या त्या मुलखात रजत प्रपात दुरून, दरीपलीकडच्या जागेवरून पाहायचा असतो आणि तिथे कुणालाही काही हरवल्यासारखं वाटत नाही. बी फॉलला खाली उतरायला पायऱ्या आहेत आणि वनखात्याच्या परवानगीचे व वेळेचे नियम आहेत. विदर्भातून नागद्वारच्या यात्रेला येणाऱ्या हजारो मराठी भाविकांना हा डोंगर पावसात कसा वागतो ते चांगलं ठाऊक आहे. त्यांच्याकडून वाट विचारायला लाजू नये.

एवढं करूनही समोर कुणी वाहून जाताना दिसलं, तर त्याच्यामागे पाण्यात शिरू नये. बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला दुसरा माणूस जाण्याचे प्रसंग फार आहेत, आणि ते बहुतेक भाऊ, बाप किंवा जिवलग मित्र असतात. काठावर पोटावर पडून काठी, ओढणी, बांधलेले टॉवेल, रिकामा बंद डबा, जे हाताशी असेल ते फेकावं, आणि गटासोबत वीस-पंचवीस मीटरचा दोर असेल तर त्याहून चांगलं काही नाही. एकाने लगेच रेंज मिळेल तिथे पळून ११२ ला फोन करावा, आणि जागा सांगताना धबधब्याचं नाव, जवळचं गाव आणि आपण कोणत्या काठावर आहोत ते सांगावं. मध्ये खडकावर अडकलेल्यांनी सर्वांत उंच जागी बसून राहावं. पाणी जसं झटकन चढतं तसं पाऊस थांबल्यावर उतरतंही. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नये, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालू नसेल तर पाठीवर सपाट झोपवून, नाक बंद करून आधी तोंडावाटे श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध जोराने ३० वेळा दाबून पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवावं. तो शुद्धीवर येऊन बरा वाटला तरी त्याला रुग्णालयात न्यावंच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.